आतली बाजू

ईरण्णानं चौथा पाय ठोकून बाज सरळ उभी केली आणि बायकोला, शिवगंगेला हाक मारली. दोघांनी मिळून म्हातारीला उचललं आणि अलगद वर निजवलं.

बाज आपली म्हणायला. मूळचं ते कुणाच्या तरी घराचं एक कवाड होतं. लुटालुटीच्या धामधुमीत सगळं गाव सोलापूरच्या अंगाला पळालं होतं. नबाबी बुडाल्यावर माणसं परतली तेव्हा घरात चूल आणि उखळ सोडून काही उरलं नव्हतं. लुटणाऱ्यांना जे नेणं झेपलं नाही ते त्यांनी नळदुर्गच्या रस्त्याला टाकून दिलं होतं. ईरण्णा तिथून काहीबाही उचलून आणी. मोडक्या चाकाचा मधला तुंबा बसायला झाला, फुटक्या पेटीचं फडताळ झालं. हे सागवानी कवाड त्याला ओढ्याच्या कडेला पालथं पडलेलं सापडलं. कुणाचं, म्हणून त्यानं आसपासच्या गावांत विचारलं. कुणीच माझं म्हणालं नाही. ओल्या भुईवर पडून आईच्या, चन्नम्माच्या, कंबरेत गारठा शिरला होता. मग मोडक्या गाडीच्या दांड्यांचे पाय करून त्यानं तिच्यासाठी बाज केली. कवाडाच्या बाहेरच्या बाजूला पितळी फुलं ठोकलेली होती. ती टोचतील म्हणून ती बाजू खाली घातली, आणि हात लागून लागून गुळगुळीत झालेली आतली बाजू वर; तिची कडी तेवढी पायथ्याच्या कडेला होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी चन्नम्मा म्हणाली, दारावर कोणीतरी आलंय, बघ.

ईरण्णा बघून आला. अंगणात उन्हाशिवाय काही नव्हतं. थोड्या वेळानं ती पुन्हा तेच म्हणाली. दुखण्यातल्या माणसाला भास होतात, असं शिवगंगा त्याच्या कानाशी लागून म्हणाली. त्यालाही तसंच वाटलं. पण म्हातारी भ्रमलेली दिसत नव्हती. तिनं लेकाचा हात धरला आणि आपल्या कुशीजवळ लाकडावर ठेवला.

तळव्याखाली लाकूड वाजलं. अंमळ थांबून पुन्हा वाजलं. परक्या घरी अवेळी आलेला माणूस वाजवतो तसं, दमानं, संकोचून. ईरण्णाला हात काढून घ्यायचंही सुचेना. मग तो खाली वाकला. सारवलेली भुई तेवढी दिसली, आणि पितळी फुलं.

शिवगंगेनं ऐकलं तसा तिचा चेहरा उतरला. आजच्या आज तोडून चुलीत घाला, म्हणाली. ईरण्णानं कुऱ्हाड आणलीसुद्धा.

"तोडू नगंस," चन्नम्मा म्हणाली. "आपून आतल्या अंगाला हाव. त्ये भाईर ऱ्हायलेत."

"कोन त्ये, अव्वा?"

"मला काय ठावं? कुनाचं तरी घर हुतं ह्ये."

ईरण्णा कुऱ्हाड घेऊन तसाच उभा राहिला. पळताना वाटेतल्या एका गावात, आईला पाठीवर घेऊन, त्यानंही दारं वाजवली होती. आत माणसं होती. चुलींचा धूर दिसत होता. कुणी कडी काढली नव्हती. भ्यालेल्या माणसांना त्यानं कधी दोष दिला नाही. पण त्या दारांसमोरचं ते उभं राहणं अजून त्याच्या पायात होतं.

त्यानं कुऱ्हाड भिंतीशी टेकवली. आईला पोत्यांवर निजवलं, बाजेचे पाय उपसले, कवाड उलटं केलं आणि पाय पुन्हा ठोकले. पितळी फुलं वर आली. आतली बाजू खाली गेली, तिची लोखंडी कडी भुईकडं लोंबू लागली. फुलांवर चौपदरी घोंगडं टाकून त्यानं आईला परत वर ठेवलं.

वाजणं थांबलं. बऱ्याच वेळात काही झालं नाही, तशी शिवगंगा उठली आणि अंगणात मिरच्या कुटायला बसली. ईरण्णा भिंतीला टेकला. तेवढ्यात बाजेखाली लोखंड खरखरलं, आणि कडी घातल्याचा आवाज आला.

तो वाकला. कडी लोंबत नव्हती. आडवी, ताठ ओढली गेली होती. ती अडकवायचा कोयंडा तर चौकटीबरोबर कुठल्या कुठं राहिला होता. तिचं टोक हवेतच धरल्यासारखं थांबलं होतं.

"अव्वा, खाली निजतीस का?" त्यानं कसंबसं विचारलं.

 चन्नम्मा कण्हत कुशीवर वळली, घोंगडं बाजूला सारून तिनं लाकडाला कान लावला आणि कितीतरी वेळ ऐकत राहिली. गाव सोडल्यापासून तिचा चेहरा इतका निवलेला ईरण्णानं पाहिला नव्हता. अंगणात उखळाचा दणका चालूच होता. म्हातारीनं हात वर केला.

"शिवगंगेला म्हनावं, थांब जरा," ती हळू आवाजात म्हणाली. "खाली लेकराचा आत्ताच डोळा लागलाय."