धवल्यातलं नाव

दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी बाळकुमच्या त्या दोन मजली घरात नवऱ्याकडची, म्हणजे आनंदच्या घरची, उष्टी हळद पोचली आणि नवरीच्या भावाने, चंदूने, रिमोटचं बटण दाबलं.

वरच्या खोलीतल्या कम्प्युटरवर लग्नात गायचा धवला सुरू झाला. बाहेरच्या खोलीत, आतल्या दोन खोल्यांत, स्वयंपाकघरात, मागच्या पडवीत, पाच स्पीकरांतून एकच आवाज आला. नवऱ्याकडच्या बायका माना वर करून बघायला लागल्या.

"कुठं बसलीय गो गानारी?" एकीने विचारलं.

"कुठंच नाय, मावशी. रिमोटवर हाय," चंदू म्हणाला. भिंतींतून वायरी न्यायला त्याने पंधरा दिवस घातले होते.

आवाज चंद्रभागेचा होता. चाळीस वर्षं गावातली लग्नं गाऊन लावणारी ही धवलारीण आता स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती, हातात सरबताचा पेला. "आजी, तू आज नुसती बस," चंदूने सकाळीच तिला सांगितलं होतं. "तुझा गळा मशीनमधी हाय. नवी साडी नेस नि मजा बघ." ती साडी नेसली होती.

तिसऱ्या कडव्यात नवरीचं नाव आलं, वासंती. पाठोपाठ नवऱ्याचं आलं, देवराम.

आनंदच्या आईचा हळदीची वाटी धरलेला हात जागीच थांबला.

चंदूने रिमोट रोखला. पाटावर बसलेल्या वासंतीने पदर तोंडाला लावला. पुढच्या कडव्यात पुन्हा देवराम. चंदूने पुन्हा बटण दाबलं, मग हात लांब करून दाबलं. रिमोटचा इशारा पकडणारी काच त्याने दाराच्या चौकटीवर बसवली होती. सकाळी बांधलेलं आंब्याच्या पानांचं जाड तोरण आत-बाहेर करणाऱ्या बायकांच्या धक्क्याने आता तिच्यावर सरकलं होतं.

तो जिन्याकडे धावला. जिन्यावर नवऱ्याकडच्या बायका बसल्या होत्या.

"वाट द्या, जरा वाट द्या."

"अरे, पायावर पाय देतोस काय, मेल्या!"

वर जाऊन त्याने बोर्डातली पिनच उपटली. तोवर नाव पाच वेळा येऊन गेलं होतं.

गाणं दोन वर्षांपूर्वीचं होतं. कम्प्युटर नवा होता, वासंतीचं देवरामशी ठरलेलं होतं, आणि माइकसमोर बसलेल्या चंद्रभागेने विचारलं होतं, "नाव कोनाचा घेऊ रं? नावाबिगर धवला नाय व्हत." चंदूने तेव्हाचं नाव सांगितलं. चार महिन्यांत ते लग्न मोडलं. आनंदच्या घरी हे कोणी बोललं नव्हतं. परवा पाचही स्पीकर तपासताना चंदूने प्रत्येक वेळी पहिली ओळ ऐकली आणि बंद केलं.

तो खाली आला.

"देवराम कोन?" आनंदच्या आईने विचारलं.

चंदूच्या आईने त्याच्याकडे पाहिलं. चंदूने हातातल्या रिमोटकडे.

स्वयंपाकघराच्या दारातून चंद्रभागा पुढे आली. "माझी चूक झाली, बाय," ती म्हणाली. "गेल्या आठवड्यात एक लगीन लावला, त्या नवऱ्याचा नाव तोंडात बसलेला. पोरानं गावून घेतला तवा तोच आला. म्हातारी झाले."

देवराम नावाच्या कोणाचंही लग्न तिने लावलं नव्हतं. त्या घरातल्या सगळ्यांना हे माहीत होतं.

आनंदची आई शेजारच्या बाईला म्हणाली, हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "उद्या आपल्या मांडवात हिलाच सांगितलेली ना? नको आता. दुसरी बघा. नाव चुकनारी धवलारीन कोन घरात घेईल?"

"नका घेऊ," चंद्रभागा म्हणाली. "हलद सुकते, बाय. लावून घ्या."

मग पाटासमोर उभी राहून तिने स्वतःच्या गळ्याने धवला म्हटला. वासंती, आनंद. आवाज दारापर्यंतही धड पोचत नव्हता.

सव्वापाचला हळद लागली. चंद्रभागा पायरीवर बसून चपलांच्या ढिगात आपल्या चपला शोधत होती. आनंदची आई अजून आत होती, चहा घेत होती. चंदू चौकटीत दोघींच्या मधे उभा होता. त्याच्या डोक्यावर तोरण तसंच होतं, आणि त्याने अजून तोंड उघडलं नव्हतं.