साखर सुटल्यावर

शाल्मलीने सूक्ष्मदर्शकाखालची प्लेट पुन्हा एकदा सरकवून पाहिली. वरच्या ओळीतल्या यकृताच्या पेशी ठणठणीत होत्या, खालच्या ओळीतल्या सगळ्या मेल्या होत्या. दोन्हींना तिने एकच फ्लेवोनॉइड, म्हणजे वनस्पतीतलं एक रसायन, दिलं होतं, माहेरच्या परसातल्या झुडपाच्या पानांतून काढलेलं. फरक एवढाच, की खालच्या ओळीसाठी त्या रेणूला जोडलेली साखर तिने तोडून टाकली होती.

"साखर आहे तोवर तो पेशीत शिरत नाही," तिच्या मार्गदर्शक देवस्थळी मॅडम खांद्यावरून वाकून म्हणाल्या. "साखर गेली की थेट आत."

"मॅडम, माझी आई या पानांचा काढा घेते, गुडघ्यांसाठी. मीच तपासून तिला बिनधास्त घे म्हटलंय."

"नुसत्या पाण्यात उकळत असतील तर काळजी नको. आंबटात बराच वेळ उकळलं, तरच साखर सुटते."

शाल्मलीचा जीव भांड्यात पडला. तरी खात्री असावी म्हणून तिने आईला फोन लावला.

"आई, काढ्यात फक्त पाणीच घालतेस ना?"

"आधी पाणीच घालायचे गं. पण मेला कडूजहर लागायचा. आता आमसुलं टाकते आणि निम्मा होईस्तोवर आटवते. काय फक्कड लागतो! सुट्टीला आल्यापासून तुझी लेकसुद्धा रोज मागून पिते."

शाल्मलीची नजर प्लेटच्या खालच्या ओळीकडे गेली. तेवढ्यात फोनमध्ये, आईच्या मागून, लेकीचा आवाज आला.

"आजी, संपला. अजून दे ना!"