तिसरा हात

चौथा स्क्रू तिसऱ्यांदा निसटून टेबलाखाली गेला, तेव्हा मायक्रॉनने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

कारखान्यात त्याला सगळे मायक्रॉन म्हणत, कारण मापात केसाएवढा फरकही त्याला खपत नसे. गेले दोन महिने तो सुटीच्या दिवसांत एकच गोष्ट घडवत होता: आपल्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर पाण्याने थंड ठेवणारा तांब्याचा ठोकळा. डिझाइन त्याचं, मिलिंग मशीनवरचं कोरकामही त्याचंच. काडेपेटीहून जरा मोठा तुकडा, पोटात एकेक मिलिमीटर रुंदीचे चोवीस चर. त्यांतून पाणी खेळायचं आणि उष्णता ओढून न्यायची. तांबं मऊ, कटरला चिकटतं. तीन कटर मोडले. पण शेवटी झाकण बसलं, रबरी रिंग बसली. बादलीत बुडवून हवा भरली, तर एक बुडबुडा येईल तर शपथ! मग वरची बाजू पॉलिश लावून अशी घासली की तीत तोंड दिसावं.

आता फक्त बसवायचा राहिला होता, आणि तिथेच घोडं अडलं. ठोकळा समोरून दाबून धरायचा, प्रोसेसर ज्यावर बसतो त्या बोर्डामागची पट्टी मागून धरायची, आणि त्याच वेळी चारही स्क्रू आळीपाळीने, थोडेथोडे आवळायचे. ठोकळा जरा सरकला की खालचा, उष्णता वाहून नेणारा पांढरा लेप फिसकटायचा. मग सगळं पुसा, पुन्हा लावा. त्याने चिकटपट्टी लावून पाहिली, हनुवटी टेकवून पाहिली. काम दोन हातांचं नव्हतंच.

त्याने फोन काढला. फोरमन. बहीण, ती दुसऱ्या गावी. प्लंबर. दातांचे डॉक्टर. बोट खाली सरकत गेलं आणि यादी संपली. 'दहा मिनिटं ये आणि एक वस्तू धर' असं हक्काने सांगावं, असं त्यात कुणी नव्हतं.

तो दाराबाहेर आला. समोरच्या दारावर पाटी होती: 'कपडे अल्टर करून मिळतील.' सहा वर्षं तो ती येता-जाता वाचत होता. बेल दाबण्याआधी त्याने घसा खाकरला. शुक्रवारी कामावरून सुटल्यापासून तो कुणाशी बोललाच नव्हता, आवाज फुटेल की नाही याचीच शंका होती.

बाईंनी दार उघडलं. गळ्यात टेप, ओठांत टाचणी.

"एक... एक वस्तू धरायला येता का? दहाच मिनिटं."

बाईंनी टाचणी काढून बाहीत खोचली. "केवढी आहे?"

त्याने दोन बोटांनी दाखवलं.

"एवढीच? मला वाटलं, कपाटबिपाट सरकवायचं असेल. चला."

घरात खुर्ची एकच होती, तिच्यावर हत्यारांचा डबा. बाई उभ्याच राहिल्या. "इथे, बरोब्बर मधोमध," तो म्हणाला. "अंगठ्याने दाबायचं. अजिबात हलवायचं नाही."

"न हलवता धरायचं, हाच तर आमचा धंदा," असं म्हणत त्यांनी अंगठा टेकवला.

त्याने एक हात बोर्डामागे घातला आणि दुसऱ्याने आवळायला सुरुवात केली. आधी समोरासमोरचे दोन, मग उरलेले दोन. अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे. दोघांची डोकी जवळजवळ टेकली होती. बाईंच्या बाहीला इस्त्रीच्या वाफेचा वास येत होता.

"पण हे कशासाठी?"

"कॉम्प्युटर थंड राहतो. मग मोठा पंखा लागत नाही. आवाज बंद होतो."

"तुमच्या घरात आवाज असतो कुठे? मला तर पहिलं वर्षभर वाटायचं, समोरचं घर रिकामंच आहे."

त्याला एकदम हसू आलं. स्क्रूड्रायव्हर खाचेतून निसटला.

"अहो, हसू नका! माझा अंगठा आहे इथे."

चारही स्क्रू घट्ट बसले. मायक्रॉनच्या बोटांना ते कळलं.

"झालं का?" बाईंनी विचारलं.

"अजून थोडं," तो म्हणाला, आणि स्क्रूड्रायव्हर नुसताच टेकवून राहिला.

"आता?"

"झालं."

बाईंनी अंगठा चोळला. "चहा घेता?" त्याने घाईघाईने विचारलं. "नको हो, मशीनवर एकाची पँट अर्धी राहिलीय, तो न्यायला यायचाय." आणि दारातून, पाठमोऱ्याच, त्या म्हणाल्या, "चाललं तर सांगा हं."

चाललं. पाणी खेळलं, कुठे थेंब गळला नाही. ऐंशी अंशांवर जाणारा तापमानाचा आकडा त्रेचाळीसला येऊन थांबला. तो तसाच सांगायला निघाला. समोरच्या दाराबाहेर चपलांचे तीन जोड होते, आत कुणीतरी खळखळून हसत होतं. उद्या सांगू म्हणत तो मागे फिरला. दुसऱ्या दिवशी कामावरून यायला उशीर झाला. तिसऱ्या दिवशी वाटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी पुन्हा बेल कशी वाजवायची? चौथ्या दिवशी तर ते सांगण्याजोगंच राहिलं नाही.

पुढच्या रविवारी त्याने कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं. हात लागलेलं तांबं काळवंडतं. ठोकळ्याच्या मधोमध अंगठ्याचा ठसा उमटला होता, तपकिरी, रेघ न् रेघ मोजता येईल असा. ठशाला आडवी छेदणारी एक बारीक तिरकी रेषा होती. बाईंच्या अंगठ्यात कधीतरी सुई खोल गेली असणार.

त्याने फडक्यावर पॉलिश घेतलं. चार कोपरे लख्ख केले, कडा केल्या, स्क्रूंच्या भोवती केलं. मग फडक्याचं टोक करंगळीला घट्ट गुंडाळलं आणि श्वास रोखून तो त्या ठशाच्या कडेकडेने पुसत गेला.