गुंड्याचा चावा

चार वर्षांत गुंड्या कधी साधा फुसकारलाही नव्हता. शंतनूच्या या पाळीव अजगरानं त्या सकाळी मात्र पाणी ठेवायला गेलेल्या अनीशच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. शंतनू अंथरुणातून उठेचना. शेवटी त्याचा रूममेट अनीशच गुंड्याला पेटीत घालून अमेरिकेतल्या ॲन आर्बर शहराच्या दुसऱ्या टोकाला, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या व्हेटकडे घेऊन गेला.

व्हेटनं गुंड्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. कणा वर आला होता.

"हा चवताळलेला नाही, उपाशी आहे. कित्येक महिने कुणी याला खायला घातलेलं नाही."

अनीशचं डोकंच फिरलं. त्यानं तिथूनच शंतनूला फोन लावला. "मुक्या जनावराला उपाशी मारतोस? लाज नाही वाटत?"

"माझंच खाणं होत नाही रे," शंतनू शांतपणे म्हणाला. "यापुढे गुंड्याला तूच सांभाळ. तो वाईट नाहीये, यार." आणि त्यानं फोन कापला.

अनीशनं परत लावला. शंतनूनं उचलला नाही. गुंड्याला टेबलावर तसाच सोडून, ९११ या आपत्कालीन नंबरवर घरचा पत्ता सांगत, अनीश गाडीकडे धावला.

पोलिसांनी बेडरूमचं दार फोडलं, तेव्हा शंतनूचा श्वास अजून चालू होता.