पाव नाका, उंडे घे

प्रशांतने साखळीच्या वाचनालयातून बायकोला, शालिनीला, एक कादंबरी आणून दिली. त्यात परग्रहवासी माणसांच्या रूपात राज्य करत होते. त्यांची खूण एकच: समोरच्याने तोंड उघडण्याआधीच ते त्याच्या मनातलं बोलायचे.

दारात पाव विकणाऱ्या पदेराचा भोंपू वाजला. आज मऊ पाव नकोत, कडक गोल उंडे घेऊया, असं शालिनीच्या मनात येतंय तोच प्रशांत म्हणाला, "पाव नाका गो, उंडे घे."

ती चरकली. परवा पार्सेला माहेरी जायचंही हाच आधी बोलला होता. आणि हल्ली ती वाचायला बसली की टक लावून बघतो काय?

तिने घाईने पुढचं पान उलटलं. त्यात बसचं जुनं तिकीट होतं. मागे प्रशांतचं अक्षर:



"शालिनीपण अशीच, माझ्या मनातलं आधीच बोलते. पुस्तक तिला वाचायला द्यावं आणि चेहरा बघावा."