रोजची एक गाठ

"हात पुढे करा, सर," मामा म्हणाले.

प्राध्यापकांनी बाही वर केली. हात मात्र मुद्दाम मागेच ठेवला. "आधी तुमचा विधी उरकून घ्या. नाहीतर देव रुसायचा!"

मामांनी खिशातून पांढरा दोरा काढला, डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटले आणि दोऱ्याला एक गाठ मारली. मग इन्शुलिनची सिरिंज भरली, खिडकीच्या उजेडात धरली आणि प्राध्यापकांना दाखवली. "दहा युनिट. बघून घ्या."

"दोन वर्षं रोज दाखवताय. माझा विश्वास आहे हो तुमच्यावर."

"माझा नाही ना, सर. म्हणून तर गाठ."

या उत्तरावर प्राध्यापक नेहमीप्रमाणे हसले.

नऊ वर्षांपूर्वी त्यांची भरधाव गाडी एका शाळेच्या भिंतीवर आदळली होती. पाय कायमचे गेले, वर खटल्याची दगदग झाली. तो विषय घरात कुणी काढत नसे. पुढे मधुमेह जडला. त्यांच्या जिभेला कंटाळून तीन परिचारक सोडून गेले आणि चौथे आले ते मामा. ते प्राध्यापकांना लेकरासारखे उचलून स्नान घालीत, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलीत. कटू शब्द ऐकला, तरी त्यांच्या कपाळावर कधी आठी उमटली नाही.

"हे काम देवानं नेमून दिलंय मला," ते म्हणत.

"देवानं नव्हे, एजन्सीनं. देव कमिशन घेत नाही!"

फाटकावर पोलीस बसवलेला होता. श्रद्धाच माणसाच्या हाती शस्त्र देते, असे प्रतिपादन करणारा प्राध्यापकांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ठार मारण्याच्या धमक्यांची पत्रे येऊ लागली. पोलीस पोस्टमनचीही पिशवी उपडी करी. मामांची पिशवी तेवढी तो उघडत नसे. "हे आपले घरचेच," म्हणे.

रविवारी याच विषयावर मोठे व्याख्यान होते. पण प्राध्यापकांच्या मनाला एक शल्य बोचत होते. घरातल्या एका साध्या माणसाचे मत आपल्याला तसूभरही हलवता आले नाही, तर सभागृहातल्या हजारांना काय पटवून देणार? रविवारच्या आत मामांच्या हातून तो दोरा सुटला पाहिजे, असा त्यांनी पणच केला.

"बाबा, मामांचा देव मामांपाशी राहू द्या," मुलगी म्हणाली. "तुमचं काय घोडं मारलंय त्यानं?"

"आज नाही मारलं. उद्या कुणीतरी कान फुंकले, की हाच भला माणूस सुरा उचलेल. श्रद्धाळू माणसाचा नेम नसतो, बाळ."

"आणि त्यांची काठी काढून घेतलीत, मग ते कशाच्या आधारावर उभे राहतील?"

"स्वतःच्या पायांवर," प्राध्यापक म्हणाले, आणि क्षणभर स्वतःच्या निर्जीव पायांकडे पाहत राहिले.

गुरुवारच्या वर्तमानपत्रात भयंकर बातमी होती. जमावाने एका प्रार्थनागृहाला बाहेरून कड्या लावून आग दिली होती. आत अकरा माणसे होती. सहा त्यांतली मुले. प्राध्यापकांनी बातमी संथपणे, एकेक शब्द सुटा करून वाचली.

"जाळणारे देवाचं नाव घेत होते, मामा. आतली मुलंही तेच नाव घेत होती. त्यानं कुणाचं ऐकलं?"

मामा पाठ पुसत होते. हात थांबला.

"त्याचा न्याय उशिरा होतो, सर."

"उशिरा नव्हे, होतच नाही. न्याय करतं ते न्यायालय."

"आणि न्यायालयानं त्यांना सोडलं तर?"

"तर सुटले. वरती दुसरं न्यायालय नाही. कुणी बघत नाही, कुणी लिहून ठेवत नाही. कटू आहे, पण सत्य आहे."

"नक्की?"

"सहा मुलं, मामा. कुणी असतं, तर निदान एक कडी निघाली नसती?"

पंचा पिळून मामांनी दांडीवर घातला. शुक्रवारी त्यांचे डोळे तांबारले होते. शनिवारी गाठ मारताना ओठ हलले नाहीत.

रविवार उजाडला. मुलगी सभागृहाची व्यवस्था पाहायला गेली होती. खाली पोलीस कुणाशी तरी थट्टामस्करी करीत होता. मामा आले, हात धुतले आणि सरळ सिरिंज भरायला घेतली.

"दोरा?" प्राध्यापकांनी विचारले.

"नाही, सर. टाकला."

प्राध्यापकांना गहिवरून आले. व्याख्यानाचा आरंभ यानेच करायचा, असे त्यांनी मनाशी ठरवले. "मामा, आज माझ्या जन्माचं सार्थक केलंत!" त्यांनी आपण होऊन हात पुढे केला आणि पहिले वाक्य जुळवीत डोळे मिटून घेतले. सुई नेहमीप्रमाणेच अलगद गेली. बाहेर यायला मात्र जरा वेळ लागला.

"आज आकडा दाखवला नाहीत?"

"शाळेच्या त्या भिंतीपाशी माझी मुलगी उभी होती, सर. खटल्यात रोज शेवटच्या बाकावर बसायचो मी. तुम्ही एकदाही मागे वळून पाहिलं नाहीत." मामांनी कापसाचा बोळा सुईच्या जागी हलकेच दाबून धरला. "तुम्ही सुटलात, तेव्हा म्हटलं, वरती तो आहे. मग त्यानंच मला या दारात आणून सोडलं. परीक्षाच ती. रोज सकाळी त्याची शपथ घ्यायचो, गाठ मारायचो. म्हणायचो, आजच्या दिवस हात आवर."

त्यांनी रिकामी सिरिंज खिडकीच्या उजेडात धरली.

"शंभर," ते म्हणाले. "बघून घ्या."