वॉर्डातला आवाज

"नर्सिंग सोडून काहीही," आई म्हणाली आणि बूटही न काढता खुर्चीत कोसळली.

रविवारची सकाळ होती. आई लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती आणि लागोपाठ दोन पाळ्या करून नुकतीच घरी आली होती. बदलीची सिस्टर आलीच नव्हती आणि वॉर्ड खोकणाऱ्या पोरांनी भरलेला, त्यामुळे निघते म्हणायचीही सोय नव्हती. अंगाचा पार भुगा झाला होता. अशा बाईपुढे करिअरचा विषय काढू नये, एवढं कुणालाही कळेल. पण मुलीचाही नाइलाज होता. शाळेचं शेवटचं वर्ष, आणि पुढे कुठल्या कोर्सला जायचं ते उद्या मॅडमना सांगायचं होतं.

"लॅबमध्ये जा," आई डोळे मिटूनच म्हणाली. "खुर्चीत बसायचं, मशीन लावायचं. रक्त नळीतून येतं, रडत येत नाही. नाहीतर फार्मसी कर, फिजिओथेरपी कर. माझे पाय बघितलेस ना?"

बघितले होते. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत निळ्या शिरा टरारून फुगलेल्या. तरी मुलगी तसूभर हलली नाही.

"मला नर्सच व्हायचंय."

"पण का?"

याचं उत्तर तिला कधीच धड देता यायचं नाही. 'आवडतं मला,' एवढंच म्हणायची. त्यावर बाबा म्हणायचे, घरात एक सिस्टर आहे तीच कुणाला दिसत नाही, दुसरी कशाला? आत्ता ते बाजारात गेले होते म्हणून, नाहीतर पुन्हा म्हणाले असते.

खरं कारण एका दुकानातलं होतं. मागे एकदा मायलेकी किराणा घ्यायला गेल्या होत्या. रांगेतून एक चिमुरडा सुटला आणि धावत येऊन आईच्या पायांना बिलगला. "सिस्टर बोलल्या की हा मुकाट सुई टोचून घ्यायचा हो," त्याची आई कौतुकाने सांगू लागली. सिस्टर खाली बसल्या आणि त्याच्या कानाशी काहीतरी बोलल्या. पोरगं खुदकन हसलं. मुलगी दोन हातांत दोन पिशव्या घेऊन मागे उभी होती. तिला शब्द कळले नाहीत, नुसता आवाज आला. तो आवाज तिने घरात कधी ऐकला नव्हता. घरी पोचेपर्यंत आईजवळ जेमतेम तीन वाक्यं उरायची. जेवलीस का, अभ्यास झाला का, दिवा घालव. त्यात माया नव्हती असं कोण म्हणेल? पण ती शोधावी लागायची, आणि शोधून शोधून मुलगीही दमली होती. त्या दिवसापासून तिने नर्सिंगचा ध्यास घेतला.

"अगं, का पण?" आईने पुन्हा विचारलं. "सुख बोचतंय का तुला?"

"तू त्या पोरांसाठी आहेस," मुलगी ताडकन बोलून गेली. "माझ्यासाठी कधी होतीस?"

बोलली आणि स्वतःच चरकली. पण आईची मान केव्हाच कलली होती. वाक्य तिच्या कानांवर पडलं की नाही, देव जाणे. मुलगी आतल्या खोलीत गेली, पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली आणि रडू लागली. आधी आवाज दाबून, मग दाबेना म्हणून मोकळेपणी.

दाराशी बुटांचा आवाज झाला. आई आत आली. तिने आधी चादर सारखी केली. मग कपाळावर तळवा ठेवला आणि मनगटावर दोन बोटं टेकवली.

"रडायचं नाही, राजा," ती म्हणाली. "कुठे दुखतंय? नाही ना? शहाणं माझं बाळ. तुझी आई येईल हं आता."

मुलीचं रडं जागच्या जागी थांबलं. हा तोच आवाज होता, दुकानातला. तिने वळून बघितलं. आईचे डोळे अर्धवट उघडे होते, पण ते कुणाकडेच बघत नव्हते. आई झोपेत होती. रडण्याचा आवाज कानी पडला आणि पाय सवयीने राउंडला निघाले होते.

तिला हलवून जागं करायला हवं होतं. मुलीने तसं केलं नाही.

"कधी येईल?" तिने हळूच विचारलं.

"कामावरून सुटली की लगेच," आई म्हणाली. "तोवर मी बसते ना तुझ्याजवळ." आणि ती खरंच बसली. बसल्या बसल्या भिंतीला टेकली, तरी मनगटावरची बोटं तशीच होती. मुलगी तिथेच पडून राहिली. हात अवघडला, मुंग्या आल्या, पण तिने तो काढून घेतला नाही.

दुपार कलली तेव्हा आईला जाग आली. ती दचकून इकडेतिकडे बघू लागली.

"मी इथे कशी?"

"राउंडला आली होतीस."

आईचा चेहरा खर्रकन उतरला. "काही बोलले का मी?"

"ताप नाही म्हणालीस." मुलगी उठून बसली. "आई, मी उद्या मॅडमना लॅब सांगते."

एवढं भांडून जे हवं होतं ते आयतं हातात आलं, तरी आईला आनंद होईना. ती मुलीचे सुजलेले डोळे बघत राहिली.

"असं काय गं एकदम? सकाळी तर नर्स व्हायचं म्हणून हट्टाला पेटली होतीस."

"मलाही वाटत होतं, नर्सच व्हायचंय," मुलगी म्हणाली. "पण मला तुझी पेशंट व्हायचं होतं, आई."